गोळीवर शंका, पोत्यावर श्रद्धा

बारामती-इंदापूर पट्ट्यात देवाविषयी शंका घेतलेली चालते, पुढाऱ्याविषयी दबक्या आवाजात घेता येते. साखरेविषयी घेतली तर मात्र माणूस भावकीत एकटा पडतो. ते रास्तच म्हणायचे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी आल्यापासून इथली लग्ने, शिक्षण, निवडणुका आणि दवाखान्याची बिले असे सगळे उसाच्या पेमेंटवर चालते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा अशी दोनच तालुक्यांत सहकाराची धुराडी, खासगी वेगळी. कळंबच्या माळावर वालचंद हिराचंदांनी १९३०च्या दशकात साखर कारखाना काढला, त्यातून वालचंदनगर उभे राहिले. तिथल्या कंपनीने पुढे साखर कारखान्यांची यंत्रे केली आणि इस्रोच्या रॉकेटांचे भागही केले. इंदापूर तालुक्यातला माल अवकाशात पोहोचला. आहारतज्ज्ञाच्या दारापर्यंत मात्र तालुका अजून पोहोचायचा आहे.

या पट्ट्यातला मुख्य नागरिक म्हणजे सभासद. दिवाळीला कारखाना त्याला सवलतीच्या दराने साखर देतो. ती उचलली नाही तर शेअरचा अपमान. उचलली तर घरात ठेवायला जागा नाही. पुढे कधीतरी डॉक्टर सांगतात, ‘शुगर आहे’. त्यामुळे शेअर रद्द होत नाही आणि पोतेही घरी यायचे थांबत नाही. मग सभासद समतोल साधतो. पोते घरात, गोड गोळ्यांची डबी खिशात. लग्नाच्या पंगतीत जिलेबी-मठ्ठ्याला तो नाही म्हणत नाही, कारण यजमानाचे मन मोडवत नाही. वर चहा येतो तेव्हा मात्र त्याचा आवाज करारी होतो : “बिनसाखरेचा आण रे.”

डबीवर टिचकी मारून तो गोळी पाडतो, तेवढ्यात शेजारचा हटकतो. “अण्णा, त्या गोळीनं कॅन्सर होतो म्हणे. व्हॉट्सॲपवर आलंय.” हे सांगणारा गृहस्थ त्या वेळी तळहातावर चुना लावून तंबाखू मळत असतो.

बातमी अगदीच हवेतली नव्हती. जुलै २०२३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्पार्टेम या गोडव्याला ‘२ब’ गटात टाकले. अर्थ असा की त्याने कर्करोग होण्याची शक्यता आहे, पण पुरावा मर्यादित. ही यादी पुराव्याचे वजन सांगते, धोका किती मोठा हे सांगत नाही. व्हॉट्सॲपवर येता येता एवढेच वाक्य गळाले. त्याच २ब गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क आहे. योगाच्या वर्गाबाहेर सकाळी त्याचा पेला तोंड वाकडे करून पिणाऱ्यांना हे कोणी कळवलेले नाही. त्याच दिवशी संघटनेच्या अन्नमिश्रकांविषयीच्या समितीने जुनी मर्यादा कायम ठेवली : शरीराच्या दर किलोमागे दिवसाला ४० मिलिग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाने ती ओलांडायची तर दिवसात डाएट शीतपेयाचे ९ ते १४ कॅन रिचवावे लागतात. गोळीत २० मिलिग्रॅम धरले तर १४० गोळ्या. इतका चहा एका दिवसात एका गिऱ्हाइकाला पाजणारे हॉटेल अजून बारामतीत निघायचे आहे. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्यांनी ॲस्पार्टेम टाळायचेच, पण त्यांना ते आधीच माहीत असते.

आता यादी उघडलीच आहे तर वरची पानेही पाहू. ‘गट १’, म्हणजे पुरावा पक्का, त्यात तंबाखू, सुपारी आणि दारू. ‘२अ’, म्हणजे बहुधा होतो, त्यात रात्रपाळीचे काम. शेतीपंपाची वीज ज्या आठवड्यात रात्री येते त्या आठवड्यात निम्मा तालुका बॅटरी घेऊन उसात पाणी धरायला उभा असतो. म्हणजे गोळीपेक्षा, गोळीला पर्याय असलेली साखर पिकवण्याचा उद्योगच या यादीत एक पायरी वर आहे. उसात बिबट्या भेटला तर तो कोणत्या गटात मोडतो, हे संस्थेने सांगितलेले नाही.

या गोळ्यांच्या जन्मकथा शाळेत आरोग्याच्या तासाला सांगू नयेत अशाच आहेत. १८७९मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या प्रयोगशाळेतून फालबर्ग नावाचा रसायनतज्ज्ञ नीट हात न धुता जेवायला बसला, पाव गोड लागला, सॅकरिन सापडले. १९३७मध्ये स्वेडा या विद्यार्थ्याची प्रयोगशाळेतच ओढायला घेतलेली सिगारेट गोड लागली : सायक्लामेट. १९६५मध्ये श्लॅटर याने कागद उचलण्यासाठी बोट जिभेला लावले : ॲस्पार्टेम. या शास्त्राची निम्मी प्रगती साबणाच्या अभावामुळे झाली. चौथी कथा मराठी वाचकाने अभिमानाने सांगावी अशी. १९७६, लंडनचे क्वीन एलिझाबेथ कॉलेज, प्राध्यापक लेस्ली हॉ यांची प्रयोगशाळा आणि तिथे काम करणारे शशिकांत फडणीस. एक संयुग ‘टेस्ट’ कर, म्हणजे तपासून बघ, असे त्यांना इंग्रजीत सांगण्यात आले. त्यांना ते चाखून बघ असे ऐकू आले आणि त्यांनी आज्ञाधारकपणे चाखले. साखरेच्या सुमारे सहाशे पट गोड. तेच सुक्रालोज.

यातली खरी गंमत पुढे आहे. सुक्रालोज साखरेपासूनच बनते. साखरेच्या रेणूतले तीन हायड्रॉक्सिल गट काढून तिथे क्लोरीनचे तीन अणू बसवायचे. आणि हे संशोधन टेट अँड लाइल या इंग्लंडातल्या जुन्या साखर कंपनीच्या जोडीने चालले होते. साखरवाल्यांनी साखरेचा शत्रू साखरेतूनच काढला आणि दोन्ही बाजूंचा नफा घरात ठेवला. आमच्याकडे उसापासून साखर, वीज आणि इथेनॉल काढून झाले. संचालक मंडळाच्या टेबलावर हा चौथा विषय अजून कसा आला नाही, याचे नवल वाटते.

साखर उद्योगाला शास्त्र पूर्वीपासून प्रिय आहे. १९६५मध्ये अमेरिकेतल्या शुगर रिसर्च फाउंडेशनने हार्वर्डच्या संशोधकांकडून एक आढावा लिहवून घेण्यासाठी साडेसहा हजार डॉलर मोजले. १९६७मध्ये तो नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. हृदयविकाराचा ठपका चरबीवर गेला, साखर निर्दोष सुटली. पैसे कोणी दिले याचा उल्लेख त्यात नव्हता. कागदपत्रे २०१६मध्ये उजेडात आली. साडेसहा हजार डॉलर म्हणजे तेव्हाचे तीस-एकतीस हजार रुपये. कारखान्याच्या निवडणुकीत आज तेवढ्यात एका गटाची मटणाची जेवणेही उरकत नाहीत, आणि तिथे हार्वर्ड मिळाले.

गोळीविषयी गंभीरपणे ऐकण्यासारखी बातमी वेगळीच होती. ती दोन महिने आधीची, मे २०२३ची. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी असे गोडवे वापरू नका, असा सल्ला जिनिव्हाच्या जागतिक आरोग्य संघटनेने दिला. त्यात विषाचा मुद्दा नव्हता. दीर्घकाळात चरबी उतरल्याचे दिसत नाही, उलट गोडवे घेणाऱ्यांत मधुमेह आणि हृदयविकार जास्त आढळतात, असे पाहण्यांतून दिसले होते. मात्र गोळीमुळे आजार वाढला की आजाराच्या वाटेवर असलेली माणसेच गोळीकडे वळली, याचा उलगडा अशा अभ्यासांतून होत नाही. म्हणून सल्लाही सशर्त. ज्यांना मधुमेह आधीच आहे त्यांना तो लागूच नव्हता. सभासदाने यातले पहिले वाक्य ऐकले, गोळी फेकली आणि समाधानाने साखरेकडे परतला. आता तर त्याच्या बाजूला थेट जिनिव्हा होते.

जे परतले नाहीत ते गुळाकडे गेले. पुणे-सोलापूर रस्त्यावर दर थोड्या अंतरावर ‘गुळाचा चहा’ अशी पाटी लागते आणि मोटारीतून उतरणाऱ्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तीर्थ घेतल्याचा भाव असतो. गूळही मुख्यतः साखरच. शंभर ग्रॅमला उष्मांक थोडेच कमी. लोह असते, पण चहापुरत्या चमच्यातून मिळून मिळून किती मिळणार? शिवाय गिऱ्हाइकाला गूळ पिवळाधमक हवा. रानभेंडीच्या रसाने मळी काढलेला खरा गूळ तपकिरी निघतो, बाजारात मागे पडतो. मग काही गुऱ्हाळांत काहिलीत हायड्रोस हे रंग उजळवणारे रसायन पडते. नंतर ‘रसायनमुक्त’ अशी पाटी लावून तपकिरी गूळ वेगळा आणि दुप्पट भावाने विकता येतो. पिवळा मागणारा आणि तपकिरीला जास्त पैसे मोजणारा गिऱ्हाईक पुष्कळदा एकच असतो.

बारामतीच्या एमआयडीसीत इटलीच्या फेरेरोचा कारखाना आहे. तिथे किंडर जॉय होते, टिक टॅकही होते. टिक टॅकची गोळी वजनाने अर्ध्या ग्रॅमहून किंचित कमी आणि जवळजवळ सगळी साखर. अमेरिकेत मात्र तिच्या वेष्टनावर साखर शून्य ग्रॅम छापता येते, कारण एका खेपेला अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असेल तर शून्य लिहायची तिथे मुभा आहे. आपला नियम अधिक कडक : शंभर ग्रॅममध्ये अर्धा ग्रॅमपर्यंतच साखर असेल तर ‘शुगर फ्री’ म्हणायचे. पण शुगर फ्री बिस्किटातला मैदा आणि तूप-तेल फ्री नसते, हे वेष्टनाच्या पाठीवर मुंगीच्या अक्षरात असते, आणि चष्मा नेमका घरी राहिलेला असतो.

हिशेब तसा अवघड नाही. वरून घातलेली साखर, गूळ, मध, फळांचा रस हे सगळे धरून दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत, जमल्यास पाच टक्क्यांपर्यंत. पाच टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, सहा चमचे. गावात सकाळी पाच घरी जाणे झाले की तो कोटा दुपारच्या आधीच संपतो. चहा नाकारला तर पुढच्या निवडणुकीत मत गेले. इंदापूरचे डाळिंब आणि पेरू चावून खाल्ले तर फळ, गाळून पेल्यात घेतले तर त्यांची साखर याच हिशेबात. सभासद पेला घेतो. दात वाचवण्याकडे त्याचा कल असतो.

“पण आमचं पोट कुठं सुटलंय?” हा शेवटचा बचाव. त्याला पुण्यातच उत्तर मिळाले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांनी २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच माप मांडले. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. चरबी इंग्रजाच्या अंगात ९.१ टक्के, पुणेकराच्या अंगात २१.२. बाहेरून सडपातळ, आतून लठ्ठ. देशात मधुमेही सुमारे १०.१ कोटी, असा आयसीएमआर-इंडियाबचा २०२३मधला अंदाज आहे.

सुप्याच्या बाजूला कालवा पोहोचलेला नाही, तिथे अजून ज्वारी-बाजरी होते. हुलगा, मटकी, माठ, मेथी हे सगळे बारामतीच्या बाजारात मिळते, आणि भिगवणला उजनीची ताजी मासळी. भाकरी, कालवण, भाजी, वर ताक, आणि चहात दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी. जीभ महिन्या-दोन महिन्यांत सरावते. मग साखरही नको आणि गोळीचा वादही नको. एवढ्या स्वस्त इलाजावर कोणाचेही कमिशन बसत नसल्याने त्याची जाहिरात होत नाही. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, इंदापूर करत जाते तेव्हा चालणारा वारकरी पिठलं-भाकरी मागतो, आणि मंडपात बसलेले दाते त्याच्या हातात क्रीमची बिस्किटे ठेवतात. उरलेली ते स्वतः खातात.

मे २०२५मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितले. कोणत्या शीतपेयात किती साखर असते ते मुलांना भिंतीवर दिसावे, हा हेतू. अकरा ते अठरा वयाची मुले दिवसाचे पंधरा टक्के उष्मांक साखरेतून घेतात, असे त्या परिपत्रकातच म्हटले होते. या पट्ट्यात कारखान्यांच्या आशीर्वादाने उभ्या राहिलेल्या शाळा पुष्कळ. असा फलक संस्थापक चेअरमनांच्या तसबिरीच्या डावीकडे लावायचा की उजवीकडे, यावर सर्वसाधारण सभेत तीन तास तरी गेले असते. पण इथल्या बहुतेक शाळा राज्य मंडळाच्या आहेत. परिपत्रक त्यांना लागू नाही. चहा मागवायला हरकत नाही.