नजरबाद येथील एका सांधेदुखीचा अभ्यास

सांधेदुखीचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात: नाव असलेली आणि नाव नसलेली. पहिलीला समाजात मान असतो, तर दुसरीच्या वाट्याला "रिपोर्ट तर सगळे नॉर्मल आहेत की!" हे वाक्य येते. म्हैसूरच्या नजरबाद भागात राहणारा प्रस्तुत लेखक दुसऱ्या वर्गात मोडतो. सकाळी हातापायांची बोटे आखडलेली असतात, शर्टाचे गळ्याजवळचे बटण काजात शिरायला तयार नसते, आणि तरीही युरिक ॲसिड, थायरॉइड व आरए फॅक्टर (आमवाताच्या बहुतेक, परंतु सर्वच नव्हे, अशा रुग्णांच्या रक्तात सापडणारे प्रतिपिंड) या साऱ्यांनी त्याला निर्दोष ठरवले आहे. निर्दोष सुटल्याचे एवढे दुःख क्वचितच कोणा आरोपीला झाले असेल.

फायब्रोमायाल्जिया, म्हणजे सांध्यांना सूज नसताना अंगभर चालणारे जुनाट दुखणे, या भारदस्त नावावर लेखकाचा काही काळ डोळा होता. 1990 च्या निकषांनुसार शरीरावरच्या 18 ठरावीक बिंदूंपैकी किमान 11 दाबल्यावर दुखावे लागत. 2010 च्या नव्या निकषांत हे बिंदू मोजणेच वगळले गेले, आणि कोणता बिंदू कुठे आहे हे पाठ करून बसलेल्या उमेदवाराची सगळी तयारी पाण्यात गेली.

नजरबादेत राहून दुखण्यावर लिहायचे आणि दगडांवर लिहायचे नाही, हे मात्र शास्त्राला धरून होणार नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस टिपू सुलतानाने म्हैसूरचा जुना किल्ला पाडून त्याचे दगड पूर्वेला नेले आणि तेथे नजरबादचा नवा किल्ला बांधायला घेतला. 1799 साली श्रीरंगपट्टण पडले, टिपू मारला गेला, धड राजवाडा उरला नसल्यामुळे पाच वर्षांच्या तिसऱ्या कृष्णराज वडियारांना मांडवात गादीवर बसवावे लागले, आणि पुढे तेच दगड पुन्हा म्हैसुरास आणण्यात आले. इतिहासकारांना या प्रकरणात सत्तांतर दिसते, लेखकाला फक्त कंबर दिसते. ज्याने ऐन विशीत दगड तिकडे वाहिला, त्यालाच तिशीत तो परत वाहावा लागला असणे अगदी शक्य आहे. त्या रात्री त्याच्या पाठीला तेल कोणी चोळले, ते तिळाचे होते की एरंडाचे, आणि दोन्ही राजवटींत मजुरीचा दर तोच होता की काय, या मूलभूत प्रश्नांना राजघराण्यांच्या इतिहासात जागा मिळू नये, याचा लेखकाला मनापासून राग आहे. लेखक स्वतः वाण्याच्या दुकानातून साखरेची पिशवीसुद्धा उचलत नाही, ही बाब येथे गौण मानावी.

चालण्याच्या व्यायामासाठी लेखक कारंजी तलावावर जातो. तळपाय ठणकू लागले की थांबावे लागते, पण थांबलेला माणूस म्हातारा दिसतो. म्हणून गळ्यात दुर्बीण अडकवलेली असते. दर थांब्याला चित्रबलाकांचे निरीक्षण होत असल्यामुळे परिसरात लेखकाची पक्षितज्ज्ञ म्हणून ख्याती झाली आहे, आणि लोक नावे विचारू लागल्यापासून पायांपेक्षा डोके अधिक ठणकते.

पक्ष्यांवरून पक्ष्यांसाठीच प्रसिद्ध असलेले भिगवण आठवणे साहजिक आहे. पुणे जिल्ह्यातील या गावात 1996 साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी झाली. प्रौढांपैकी सुमारे 18 टक्के लोकांना हाडे, सांधे किंवा स्नायूंचा त्रास होता. आमवात, म्हणजे शरीराची संरक्षणव्यवस्थाच सांध्यांवर उलटते तो आजार, अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघाला. उरलेल्यांत झीज होती, स्नायूंची दुखणी होती, आणि कोणत्याच रकान्यात नीट न बसणाऱ्या तक्रारीही होत्या. आखडलेल्या बोटांनी खुरपणीला जाणाऱ्या बाईला "मनाचं आहे, फार विचार करू नका" असे सांगून वाटेला लावणे याला निदान म्हणत नाहीत. तो कामचुकारपणा आहे, आणि तो त्या बाईचा नव्हे.

लेखकाचे दुखणे मनाचे आहे, असे घरात मात्र कोणी म्हणत नाही. पाहुणे जेवायला येणार असले की लोणच्याच्या बरणीचे घट्ट झाकण पत्नी स्वयंपाकघरात आधीच फिरवून सैल करते, पुन्हा अलगद बसवते, आणि पंगतीत सर्वांदेखत म्हणते, "अहो, हे जरा उघडून द्या ना, मला नाही जमत." लेखक ओठ आवळतो, मनगटावर शिरा दिसतील इतका जोर लावल्याचे दाखवतो आणि झाकण काढतो. पाहुण्यांपैकी एखादा या वयातल्या ताकदीचे कौतुक करतो, आणि लेखक ते नाकारत नाही.