जरा जवळ या

हौशी फोटोग्राफर ठरलेल्या क्रमाने घडत जातो. आधी सूर्यास्त, मग पानावरचा थेंब, मग मुंगी, मग सिंहगडावर दही विकणाऱ्या मावशींच्या सुरकुत्या, त्याही कृष्णधवल. एवढं सगळं करून लाइक येतात बायकोचा, मेव्हण्याचा आणि चुकून बोट लागलेल्या एका काकांचा. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो. लोकांना मुंगी नको असते, स्वतःचा फोटो हवा असतो. आणि लग्न ठरलेलं असेल तर दोघांचा हवा असतो. त्या दिवशी मुंग्या सुटतात आणि जोडपी सापडतात.

आमच्या सोसायटीतला हा नमुना सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत लोकांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढतो आणि शनिवार-रविवार लोकांच्या उभं राहण्यातल्या. त्याचं खरं नाव आता फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर उरलंय. सगळे त्याला फिफ्टी म्हणतात, कारण त्याची ५० मिलिमीटर, एफ १.८ ची लेन्स. या लेन्सशिवाय त्याच्या जमातीत मुंज लागत नाही. ती स्वस्त असते, हलकी असते आणि माणसाच्या मागचं जग पुसून टाकते. वाळत घातलेले टॉवेल, कचऱ्याचे डबे, चेअरमनसाहेबांची गाडी, सगळं विरघळून मऊ रंग तेवढे उरतात. फिफ्टी एकेकट्या माणसाचे फोटो काढत होता तोवर त्याचं झकास चाललं होतं. घोळ घातला तो दुसऱ्या माणसाने.

कारण हिशेब असा आहे. त्याच्या छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ही लेन्स पूर्ण उघडी ठेवून दोन मीटरवरच्या माणसाचा फोटो काढला, तर जेवढी खोली रेखीव येते ती दहा-अकरा सेंटिमीटर. म्हणजे अर्धी वीत. एका माणसाचं तेवढ्यात भागतं, नाकापासून कानापर्यंत. जोडप्याला मात्र त्या अर्ध्या वितीत संसार मांडावा लागतो. आणि आपल्याकडचा नवरा फोटोसाठी बायकोच्या रेषेत म्हणून उभा राहत नाही. एक तर पाऊलभर पुढे, नाहीतर पाऊलभर मागे. फिफ्टीच्या सुरुवातीच्या अल्बमात समस्त बायकांच्या पापण्या मोजून घ्याव्यात, आणि नवरे धुक्यात. एकाही बायकोने तक्रार केली नाही. एका नवऱ्याने केली, तेव्हा फिफ्टी म्हणाला, "दादा, याला मूड म्हणतात."

उपाय तसा सोपा आहे. लेन्सचं तोंड जरा आवळून एफ ४ वर यायचं, रेखीव पट्टा दुपटीहून जास्त रुंद होतो आणि नवरा परत दिसू लागतो. पण त्याच्याबरोबर टॉवेलही परत येतात. ज्यांना घालवायला रोख पैसे मोजले ते टॉवेल एका नवऱ्यापायी परत आणायचे का, हा फिफ्टीपुढचा खरा पेच आहे. मला विचाराल तर त्याने अजून तो सोडवलेला नाही.

बाकीचं शिक्षण यूट्यूबवर झालं. हनुवटी जरा पुढे आणि खाली. वजन मागच्या पायावर. उंच असेल त्याने पाय फाकवून उभं राहायचं म्हणजे उंची जुळते. डोळे मिटा, मी तीन म्हटलं की उघडा, म्हणजे ऐन वेळी पापणी मिटत नाही. एकेक सूचना रास्त आहे. फिफ्टी त्या एका श्वासात देतो. सगळ्या सूचना एकदम पाळलेला एक नवरा मुलगा मी पाहिलाय. त्याची होणारी बायको त्याच्याकडे बघून म्हणाली, "तुम्हाला कमरेचा त्रास आहे हे बायोडेटात नव्हतं."

हे घडलं मेणवलीला. प्री-वेडिंगसाठी पुण्याहून वाईच्या पुढे मेणवलीला जायचं हा आता जवळजवळ लग्नविधीच झालाय. नाना फडणवीसांचा वाडा, मागे कृष्णेचा घाट, शिवाय 'स्वदेस'मध्ये शाहरुख खान तिथे येऊन गेलेला. मी होतो रिफ्लेक्टर धरायला. रिफ्लेक्टर म्हणजे उभ्या गाडीच्या काचेला आतून लावतात तो चंदेरी पडदा. चेहऱ्यावर उजेड तोही टाकतो आणि त्याला वेगळा खर्च नाही. सकाळचं सोनेरी ऊन साधायचं म्हणून पहाटे साडेचारला निघायचं ठरलं होतं. मुलीबरोबर मावशी येणार होत्या. मावशींचं आवरेपर्यंत सहा वाजले, वाटेत मिसळ झाली, मिसळीवर चहा झाला, आणि घाटावर पोचलो तेव्हा अकराचं ऊन डोळ्यांच्या खोबणींत काळ्या सावल्या पाडत होतं.

मुलगा-मुलगी कांदेपोह्यांनंतर तिसऱ्यांदा भेटत होते. "कपाळाला कपाळ लावा," फिफ्टी म्हणाला. दोघांनी मावशींकडे पाहिलं. मावशींनी नदीकडे पाहिलं, पण कान इकडेच ठेवले. पाण्यात डुंबणारी पोरं ओरडली, "दादा, उचल की तिला!" दादाने पायऱ्या बघितल्या, मुलीकडे बघितलं, मग मावशींकडे, आणि गंभीरपणे म्हणाला, "चपला घसरतात." शेवटी धीर करून दोघं पुढे झाली ती नको तेवढ्या वेगाने, आणि कपाळावर कपाळ खणकन आपटलं. क्षणभर दोघंही अवाक. मग मुलगी अशी हसत सुटली की तिला खाली पायरीवर बसावं लागलं, आणि तो कपाळ चोळत तिच्याकडे बघत राहिला. मावशीसुद्धा हसल्या. फिफ्टी त्या वेळी कार्ड बदलत होता.

"आता अगदी असंच परत करा," तो म्हणाला. त्यांनी परत केलं. ते परत केलेलं पत्रिकेवर छापून आलं.

पूर्वी हे बरं होतं असं मला कधी कधी वाटतं. जुन्या स्टुडिओत मागे रंगवलेला पडदा असायचा, त्यात कमानी, तळं, हंस. यजमान खुर्चीवर, हातात काठी. बाई शेजारी उभ्या, त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर, खांद्यावर नाही. तिपाईवर फुलदाणी. हसायचं का, एकमेकांकडे बघायचं का, हे प्रश्नच नव्हते. त्याही आधी तर कॅमेऱ्याला इतका वेळ लागायचा की डोकं हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमटा लावत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दादासाहेब फाळक्यांनी बडोद्यात फोटोचा धंदा मांडला होता. तो चालला नाही, कारण गावात बोलवा झाली की कॅमेरा माणसातली शक्ती शोषून घेतो आणि आयुष्य कमी होतं. लोक या गोष्टीला अंधश्रद्धा म्हणून हसतात. त्यांनी तासभर फिफ्टीपुढे उभं राहून पाहिलेलं नसतं.

फिफ्टीला हा इतिहास सांगितला तर तो फोटोग्राफर गौतम राजाध्यक्षांचं 'चेहरे' काढून बसतो. पुस्तक त्याने मन लावून पाहिलंय आणि त्या चेहऱ्यांवरचा उजेड दिव्यांमुळे आलाय असं त्याचं ठाम मत झालंय. समोरच्या माणसाशी बोलावं लागतं, तो काही बोलला तर ऐकावं लागतं, हे खर्चाच्या यादीत न बसणारं असल्यामुळे त्याने अजून मनावर घेतलेलं नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजी-आजोबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली तेव्हा फिफ्टीने त्यांना संध्याकाळी गच्चीवर नेलं. मी पडदा घेऊन हजर. ऊन या वेळी खरोखर सोनेरी होतं. दोघं उभी राहिली ती मध्ये तिसरा सहज मावेल अशी.

"आजोबा, जरा जवळ या."

आजोबा बोटभर सरकले.

"आजींचा हात धरा."

आजोबांनी मनगट धरलं, अंगठा नाडीवर ठेवला आणि सवयीने घड्याळाकडे पाहिलं. "सकाळची गोळी घेतलीस ना?"

"फोटो काढतोय तो. हसा जरा," आजी ओठ न हलवता म्हणाल्या.

"कॅमेऱ्याकडे बघू नका," फिफ्टी म्हणाला. "एकमेकांशी काहीतरी बोला. नेहमी बोलता तसं."

आजोबांनी थोडा विचार केला. "गॅस बंद केलास का?"

आजींचा चेहरा बदलला. त्या तशाच वळल्या आणि जिन्याकडे चालू लागल्या. मागून आजोबा, "अगं, सावकाश! दुधाचं होऊ दे काय व्हायचं ते, गुडघा सांभाळ." आजींनी वळून त्यांच्याकडे जो एक कटाक्ष टाकला त्यात पन्नास वर्षं होती. फिफ्टीने बटण दाबलं. या वेळी कार्ड होतं, बॅटरी होती, हात तयार होता. फोटोत मागची पाण्याची टाकी इतकी रेखीव आलीय की तिच्यावरचे लिटर वाचता येतात.

दूध उतू गेलं होतंच. कॉफी पाण्याची झाली. आजोबांनी लॅपटॉपवर सगळे फोटो चष्मा लावून, मग चष्मा काढून पाहिले, आणि म्हणाले, "छान. आता माझा एकट्याचा एक काढून ठेव. पुढेमागे लागतो."

फिफ्टीला पटकन कळलं नाही. कळलं तेव्हा तो कानापर्यंत लाल झाला. पण एकच माणूस, एफ १.८, खिडकीतला मऊ उजेड, त्यामुळे हात आपोआप कॅमेऱ्याकडे गेला. आजोबा खुर्चीत ताठ बसले.

"थांब रे," आजी आतून ओरडल्या. "अहो, तो शर्ट बदला आधी. रोज मला बघायचाय तो."