साहेबाचा खटला

दिल्लीच्या टेकडीवरल्या हिंदूराव रुग्णालयाचं नाव आपल्याच माणसाचं आहे. कागलकर घाटग्यांचे हिंदूराव, म्हणजे बायजाबाई शिंद्यांचे बंधू. त्यांनी घेतलेली तिथली कोठी मुळात कंपनी सरकारच्या विल्यम फ्रेझरसाहेबाची. २२ मार्च १८३५ रोजी साहेबाला गोळी घातली गेली आणि ऑक्टोबरात तो खून करवल्याबद्दल नवाब शम्सुद्दीन फासावर चढला. शिमगा सरल्यावर खून, दिवाळीच्या आत फाशी!

टेकडी उतरून थोडं पुढे गेलं की तीस हजारी न्यायालय. इथे खटल्याचा क्रम काटेकोर आहे: आधी दोषारोप, मग सरकारी साक्षीपुरावा, आरोपीचा जबाब, बचाव, युक्तिवाद. १ जुलै २०२४ पासून लागू झालेली फौजदारी प्रक्रियेची नवी संहिता तर सांगते की साक्षी सुरू झाल्या की रोजच्या रोज चालवा. युक्तिवाद संपले की ३० दिवसांत निकाल, फार तर ४५. युक्तिवाद कधी संपावेत, हे मात्र तिने मोठ्या मनाने वकिलांवर सोडलं आहे.

आता प्रत्यक्षात बघा: शवविच्छेदन केलेल्या एखाद्या डॉक्टरांना साक्षीचं समन्स निघतं. सकाळी दहा वाजता हजर. बोर्डावरच्या झाडून सगळ्यांनाच दहा वाजता बोलावलेलं असतं. कायद्यापुढे सर्व समान, ते इथे. आधी जामीन, मग नवी प्रकरणं, मग किरकोळ अर्ज. पुकारा होतो तेव्हा वकीलसाहेब दुसऱ्या कोर्टात. ज्युनिअर 'पासओव्हर' मागतो, म्हणजे पुकारा नंतर घ्या. दुसऱ्या पुकाऱ्याला वकील येतात, पण मुद्देमाल मालखान्यातच राहिलेला. तो आणायचा कुणी? तपास अधिकाऱ्याने. तो कुठे? बदलीच्या ठिकाणी. संध्याकाळी डॉक्टरांना 'न तपासता' मोकळं केलं जातं आणि रीडर पुढची तारीख देतो. तीही दहाचीच. तिकडे ओपीडीत त्यांचे रुग्ण सकाळपासून रांगेत. त्यांनाही न तपासताच परत जावं लागतं, फक्त तसा शेरा कुणी मारत नाही.

यावर एक उपाय सुचतो. साहेबाचा खटला झटपट उरकला, कारण फिर्यादी कंपनी, तपास कंपनीचा, न्यायाधीशही कंपनीचाच. बदलीचं, मुद्देमालाचं, ज्युनिअरचं नाव काढायची कुणाची छाती होती? तेव्हा फिर्यादीच्या अर्जात एक रकाना वाढवावा: मयताचा हुद्दा. 'साहेब' लिहिलं असेल तर कलमाप्रमाणे रोजच्या रोज. बाकीच्यांनी सकाळी दहा वाजता यावं.