फ्रिजमधली वीस हजार अंडी

"आयकलं का वं, आमच्या फ्रिजात अंडे निंगाले!"

काकूंनी कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकलं. गळ्यात तुळशीची माळ, चातुर्मासात कांदा-लसूण बंद, त्यांच्या घरात अंडी! मी म्हटलं, "नातवानं आणले असतीन."

"नातू कायचा? सूनबाईनं! अन् एक-दोन नाई, वीस हजार!"

सूनबाई दर्यापूर तालुक्यातल्या शाळेत विज्ञान शिकवते. दह्याच्या गंजाशेजारी तिनं पोस्टकार्डाएवढा कागद ठेवला होता, वर नुसते काळे ठिपके. मग माझी ट्यूब पेटली. हे तर ट्रायकोकार्ड, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाकडून आणलेलं. ठिपके म्हणजे तांदळावरच्या पतंगाची अंडी आणि प्रत्येकात ट्रायकोग्रामाचं पिल्लू. ही गांधीलमाशीच्या कुळातली, पण दिसेल न दिसेल एवढी. कार्डाचे तुकडे कपाशीच्या पानाखाली टाचले की माश्या निघतात, बोंडअळीची अंडी हुडकतात आणि त्यांत आपली घालतात. अळी जन्मालाच येत नाही. गारव्यात ठेवलं तर आठ-दहा दिवस माश्या निघायच्या थांबतात, म्हणून फ्रिज.

"म्हंजे आपलं लेकरू दुसऱ्याच्या घरात वाढवाचं," काकू म्हणाल्या. "हुशार हाये बाप्पा."

मला सूनबाईचं शिकवणं पटतं. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं वऱ्हाडातली कपाशी खाल्ली, तेव्हा घराघरात अळीचं नाव होतं, पण पोरांना ठाऊक काय, तर फवारा. हिनं पोरांना बापाच्या वावरातून डोमकळ्या आणायला सांगितल्या. गुलाबासारखं मिटून बसलेलं ते कपाशीचं फूल बाकावर उकललं, तर आत अळी. मग किडकं बोंड फोडलं. अळी सरकीत तोंड खुपसून बसलेली, बाहेर भोकसुद्धा दिसेना. औषध आत पोचणार कुठून? हे फळ्यावरच्या आकृतीत कसं कळणार? आकृतीतली अळी लपत नाही.

आमच्या कॉलेजात जिवंत म्हणजे मरायला आणलेलं. ट्रेमध्ये बेडूक, नाकाला रुमाल. २०१४ साली यूजीसीनं ती कापाकापी थांबवली, बरं झालं. सूनबाईच्या वर्गात एक पोट्टं पिंजऱ्यासकट राघू घेऊन आलं, तर तिनं तेही चालू दिलं नाही. १९७२ च्या कायद्यानं राघू पाळताच येत नाही म्हणे. काकूंच्या माहेरी तर दर ओसरीत एक टांगलेला असायचा!

"अन् यष्टीतली गंमत आयकली का?" काकू पुढं सरकल्या.

रुईवरच्या अळ्या वर्गात बरणीत होत्या. काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या, अंगावर काळ्या मिशांच्या तीन जोड्या. रुईचा चीक विषारी, ह्या तोच पचवून स्वतः कडू होतात, मग पाखरं त्यांच्या वाटेला जात नाहीत. कोष झाला, पोरं रोज डोकावत. फुलपाखरू निघालं नेमकं रविवारी! सोमवारी बरणीत रिकामं टरफल, आणि तांबडं फुलपाखरू खिडकीच्या जाळीवर. पोरं रुसली. तेव्हापासून शनिवारी कोषाची बरणी सूनबाईच्या मांडीवर, दर्यापूर-अमरावती.

"कंडक्टर म्हने, लोणचं हाये का? हे म्हने, नाई, पोट्ट्यायचं फुलपाखरू हाये. त्यानं पुढची सीट देल्ली माय!"

आता दिवाळीच्या सुट्टीत सगळ्या बरण्या घरीच येणार. अळ्यांना रोज कोवळी पानं लागतात आणि आमच्या भिंतीलगतची रुई एकच, काकू शनिवारी मारुतीचा हार करतात ती.

"मंग माह्या हाराचं कसं?"

"हाराले जून पानं चालतात नं, काकू? शेंडे अळ्याईले."

काकूंनी झाड वरून खाली न्याहाळलं. "बरं. पन खालच्या फांद्याले कोनी हात लावाचा नाई. अन् सूनबाईले सांगजो, पानं तोडून चिकाचे हात धुतल्याबिगर सैपाकघरात याचं नाई."