तंटामुक्त टाकी

तात्यांना तात्या म्हणणारा माणूस आता एकच उरलाय, मुरबाडकडचा साडू. बायको ‘अवो’ म्हणते आणि बाकी सगळं गाव ‘अध्यक्ष’. १५ ऑगस्ट २००७ ला आर. आर. आबांची तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हा किन्हवलीच्या अलीकडच्या या गावाने त्यांना समितीच्या अध्यक्षपदी बसवलं. पुढे समित्या बदलल्या, मोहिमेचा जोर ओसरला, अध्यक्ष मात्र अध्यक्षच राहिले. नोंदवहीसुद्धा त्यांच्याच फडताळात राहिली. कुणी मागायला गेलं नाही, कारण मागायला गेलं की बसावं लागतं.

बसवणं हीच त्यांची पद्धत. बांधाचं भांडण असो, सामाईक विहिरीची पाळी असो नाहीतर लग्नातला मानपान असो. दोन्ही पक्षांना ओट्यावर बसवायचं, मधे चहा ठेवायचा आणि “मी काय म्हनतो” अशी सुरुवात करायची. तासाभरात दोन्ही पक्ष इतके कंटाळतात की काय वाटेल ते कबूल करून घरी जातात. म्हसाच्या जत्रेत एकदा दोघांचा बैलाचा सौदा रुमालाखाली बोटं धरून चाललेला असताना यांनी वरून तिसरा हात घातला. सौदा मोडला. ते दोघे मिळून यांच्या अंगावर आले. “दोघं एक झाले ना?” असं अध्यक्ष आजही समाधानाने सांगतात.

त्यांची एकच श्रद्धा आहे: जगात वाईट कुणी नसतं, गैरसमज असतो. ही श्रद्धा फक्त एका प्रकरणात उपयोगी पडली नाही, ते म्हणजे पाण्याचं. इथला तानसा तलाव १८९२ पासून मुंबईची तहान भागवतोय, पुढे वैतरणा आणि भातसाही त्याच कामाला लागल्या, आणि मे महिन्यात शहापूर तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर बाया टँकरची वाट बघतात. या तंट्यात अध्यक्षांचं म्हणणं स्वच्छ आहे: “समोरचा पक्ष बैठकीलाच येत नाय.”

तर अशा माणसाच्या घरी भिवंडीच्या गोदामात कामाला असलेल्या मुलाने तीन फुटी माशांची टाकी आणून ठेवली. मुलाला वाटलं, वडिलांचं मन रमेल. मन रमलं, पण वेगळ्या अर्थाने. पहिल्याच आठवड्यात टायगर बार्बांनी एंजलच्या लांब पंखांचे शेव कुरतडले आणि अध्यक्षांनी खुर्ची टाकीसमोर ओढली. कल्याणच्या दुकानदाराने फोनवर सल्ला दिला की बार्ब कमी नका करू, वाढवा. सहा-आठ झाले की आपापसांत भांडतात आणि दुसऱ्यांना सोडतात. अध्यक्षांनी चार बार्ब आणखी आणले आणि खरंच एंजलला जरा उसंत मिळाली. भाऊबंदकीत माणसं वाढवून भांडण मिटल्याचं उदाहरण त्यांच्या वहीत नव्हतं. ते त्यांनी लाल शाईने लिहिलं.

उरलेली वस्ती गरीब होती. दहाबारा निऑन टेट्रा, दोन मॉली, आणि डासांच्या अळ्या खायला म्हणून आरोग्य केंद्राने विहिरीत सोडायला दिलेल्या गप्पींपैकी वाटेत मागे राहिलेल्या काही. अध्यक्ष दिवसातून चारदा दाणे टाकायचे. कुणी उपाशी राहू नये म्हणून. तळाशी दाणे कुजून पाण्याला वास यायला लागला. शाळेतल्या पोरांपैकी एक चुणचुणीत, त्याने सांगितलं की त्यातून अमोनिया होतो, दाणे कमी टाका आणि आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. पाणी बदला म्हटल्यावर आतून वहिनींचा, म्हणजे अध्यक्षांच्या बायकोचा, आवाज आला, “हंडे कोन आननार?” म्हणून दुसरा उपाय निघाला: तळाला राहणारा मासा आणायचा, तो खालचं सगळं खाऊन टाकतो. या समजुतीने देशभरातल्या टाक्यांतले तळाचे मासे उपाशी मेलेत. पण समजूत टिकून आहे.

जूनच्या पहिल्या पावसात वलगण आली, मासे ओहोळातून खाचरात चढले, आणि टोकावड्याच्या बाजूला साडूने एक शिंगी धरली. धरली म्हणजे उघड्या हाताने धरली. शिंगीच्या छातीच्या पंखांना विषारी काटा असतो. साडू सरळगावावरून मोटारसायकलने आला तो एका हाताला प्लास्टिकचा कॅन, दुसऱ्या हाताचं बोट केळ्याएवढं सुजलेलं. मासा ठणठणीत होता. शिंगीला कल्ल्यांमागे हवेच्या पिशव्या असतात. वर येऊन घोट घ्यायचा आणि परत खाली जायचं, त्यामुळे तिला थोडं पाणी पुरतं. साडूला पुरलं नाही, त्याला वहिनींनी कढत पाण्याच्या तांब्यात बोट बुडवून बसवलं. शिंगीच्या विषावर हाच उतारा, उष्णतेने ते मंदावतं. साडू डाव्या हाताने चहा पीत होता आणि अध्यक्ष वहीत लिहीत होते: तक्रारदार, साडू.

शाळेतल्या त्या पोराने मात्र आधी ओळख पटवून घेतली. परदेशी मांगुरावर बंदी आहे, २०१९ मध्ये हरित लवादाने तो मासा नष्ट करायला सांगितला. हा तो निघाला तर? मांगुराचा पाठीवरचा पंख शेपटीपर्यंत लांब, हिचा पुढेच बोटाच्या पेराएवढा. शिंगीच. अध्यक्ष म्हणाले, “कागद बरोबर हायेत, घ्या आत.”

आता, नवा मासा टाकीत कसा उतरवावा याबद्दल या माणसाइतकी निगुती मी तरी कुठे पाहिली नाही. आधी तळाची खडी काढली. ती समृद्धी महामार्गाच्या कामावरून आलेली, धारदार. तळ चाचपणाऱ्या माशाच्या मिशा तिने झिजतात. तिच्या जागी काळू नदीची वाळू दहा पाण्यांनी धुऊन अंथरली. एक मडकं आडवं करून अर्धं वाळूत पुरलं, की अंधारात बसायला तिला घर हवं. मग कॅन टाकीच्या कडेला खाली ठेवला, कंपाउंडरकडून मागून आणलेली सलाईनची नळी टाकीत सोडली आणि तिच्या चाकाने थेंब थेंब टाकीचं पाणी कॅनमध्ये पाडायला सुरुवात केली. “थोडं तिचं, थोडं आपलं. एकदम कुनी जुळत नाय.” तास झाला. साडूची सूज उतरली. दिवा बंद करून, कॅनचं पाणी टाकीत न सांडता जाळीने शिंगी आत सोडली. ती सरळ मडक्यात गेली आणि तोंड बाहेर काढून बसली. आठ मिशा.

“पोलीस पाटलासारखी दिसती,” साडू म्हणाला. पोलीस पाटील तिथेच होते. त्यांनी हसून घेतलं.

पंचाईत जेवणावरून झाली. अध्यक्षांच्या घरी पंगत एकच. संध्याकाळी दिवा लावून दाणे टाकायचे, सगळ्यांनी एकत्र जेवायचं. शिंगी येईना. बार्ब वरच्या वर फडशा पाडायचे आणि मडक्यातून नुसत्या मिशा हलायच्या. अध्यक्षांनी निदान केलं: रुसवा आहे. परक्या तालुक्यातली, एकटी, वेळ लागणारच. त्यांनी सुकट टाकली, जवळा टाकला, कोंबडीची कलेजी बारीक करून टाकली. बार्ब सगळं खाऊन फुगले. आतून वहिनी म्हणाल्या, “या घरात मला येऊन चाळीस वर्सं झाली, मला कुनी इचारलं नाय काय खानार.” हे वाक्य वहीत आलं नाही.

मग गप्पी कमी व्हायला लागल्या. अध्यक्षांनी आधी मांजरीवर संशय घेतला, पण झाकण बंद असायचं. मग टेट्रा. दहाबाराचे सात झाले, सातांचे चार. चौकशी सुरू झाली. अध्यक्ष काचेला नाक लावून एकेकाचा जबाब घेत होते आणि एंजल तोंड उघडत मिटत होता, त्यामुळे काहीतरी निष्पन्न होतंय असं वाटायचं.

शेवटी पोराने विजेरीला लाल जिलेटीन कागद बांधला, उजेड मंद व्हावा म्हणून, आणि रात्री पाळत ठेवली. सकाळी अहवाल दिला. दिवा गेला की टेट्रा एका जागी तरंगत झोपतात. मग ही बाई मडक्यातून निघते, मिशांनी वाळू चाचपत चाचपत वर येते आणि झोपलेल्याला उचलते. आवाज नाही, धावपळ नाही, दिवसा पुन्हा मडक्यात.

दुसरा कुणी असता तर शिंगीचं त्या दिवशी कालवण झालं असतं. साडूने फोनवर तेच सुचवलं. पण अध्यक्षांनी तिला बाजू मांडायची संधी दिली. ते बराच वेळ मडक्यासमोर बसले आणि बाहेर येऊन म्हणाले, “तिचा काय दोष नाय. ती जेवते रातची, आपन वाढतो संध्याकाळी.” यात तथ्य होतं, हे मी कबूल करतो. त्या दिवसापासून नवी व्यवस्था झाली. दिवा घालवून अर्ध्या तासाने, वीजवाल्याकडून आणलेली वायरची प्लास्टिक नळी मडक्याच्या तोंडाशी धरायची आणि तिच्यातून कापलेलं गांडूळ सोडायचं, म्हणजे वाटेत बार्ब हिसकावत नाहीत. पावसाळ्यात गांडुळांना तोटा नाही. रोजही नाही द्यायचं, एक दिवसाआड. शिंगी पहिल्याच रात्री नळीत डोकं घालून जेवली. अध्यक्षांनी वहीत लिहिलं: समेट.

समेटानंतर तीन टेट्रा गेले.

इथे अध्यक्षांच्या श्रद्धेला पहिला तडा गेला, कारण गैरसमज कुणाचाच नव्हता. शिंगी पोटभर जेवून वर टेट्रा खात होती. तिच्या तोंडात मावेल तो तिचा घास, या बाबतीत तिच्या मनात कसलाही संभ्रम नव्हता. पोराने सांगितलं, तळाला मासा हवाच असेल तर कोरिडोरास आणा, अंगठ्याएवढे असतात, कळपाने राहतात, कुणाला खात नाहीत. अध्यक्ष म्हणाले, “तंटा मिटवायचा आसतो, पक्षकार बदलायचा नसतो.” त्यांनी टाकीत मधोमध काच उभी केली. गावात कित्येक भावांना त्यांनी एका चुलीवर ठेवलं होतं. त्यांच्या हातून ही पहिली वाटणी.

वाटणीच्या बाजूचं झाकण नळीसाठी बोटभर उघडं राहायचं. जुलैच्या एका रात्री असा पाऊस लागला की अंगण आणि मागचं खाचर एक झालं. पहाटे वहिनी पडवीत आल्या तर पाण्याच्या ड्रमांच्या मधे शिंगी, ओल्या जमिनीवर अंग वळवत, दाराच्या दिशेने. वहिनींनी कुणाला हाक मारली नाही. सूप घेतलं, काट्यापासून हात राखून तिला त्यात लोटलं, आणि मागच्या दाराने खाचरात टाकून चूल पेटवायला गेल्या.

अध्यक्षांनी सकाळी मडकं उलटंसुलटं करून पाहिलं आणि वही उघडली. लिहिलं: पक्षकार गैरहजर, वरच्या कोर्टात गेल्याचे समजते. दुपारी साडूचा फोन आला, खाल्ली का म्हणून. अध्यक्ष म्हणाले, अपील चालू आहे, आता काही बोलता येत नाही. आणि मग आवाज बारीक करून विचारलं, टोकावड्याला अजून पाऊस आहे ना, मग एखादी लहानशी बघा, पण ह्या वेळेला जरा समजूतदार.