तक्ता पक्का, तारीख कच्ची

नवं वर्ष लागलं की पुण्याच्या सदाशिव आणि नवी पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये भिंतींवर तक्ते चढतात. पहाटे सहा ते आठ राज्यघटना, साडेआठ ते दहा इतिहास, दहा ते सव्वादहा चहा. (पंधरा मिनिटांत चहा पिऊन परत आलेला एमपीएससीवाला अजून कुणी पाहिलेला नाही, तक्त्यातली पहिली थाप ती.) मार्चपर्यंत पहिलं वाचन, जूनपर्यंत दुसरं, रविवारी रिव्हिजन, महिनाअखेरीस टेस्ट सिरीज. पॉलिटी हिरव्या रंगात, अर्थशास्त्र गुलाबी, आणि सीसॅटला उरलेला रंग, कारण सीसॅटचा अभ्यास 'होऊन जातो' असं सगळेच धरून चालतात.

सगळं वर्ष असं मिनिटामिनिटाला बांधून झालं की एकच रकाना रिकामा उरतो: परीक्षेची तारीख. ती महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या हातात. आयोगही नियोजनाचा भोक्ता. दरवर्षी तो येत्या वर्षाचं अंदाजित वेळापत्रक काढतो, पोरं ते मोबाइलच्या वॉलपेपरवर लावतात, आणि मग दोघेही शुद्धिपत्रकाची वाट बघत बसतात.

२०२० चीच गोष्ट घ्या. राज्यसेवा पूर्व ५ एप्रिलला होती. टाळेबंदीत ती गेली, त्याला कुणाचा इलाज नव्हता. मग ऑक्टोबरचीही गेली. शेवटी १४ मार्च २०२१ ठरली आणि ११ मार्चला, हॉलतिकीट खिशात असताना, तीही गेली. त्या दुपारी पोरं शास्त्री रस्त्यावर उतरली. दुसऱ्या दिवशी सरकारला २१ मार्च ही तारीख सापडली. वर्षभर न सापडलेली तारीख रस्ता अडवल्यावर चोवीस तासांत सापडते, हा राज्यव्यवस्थेतला महत्त्वाचा मुद्दा कुठल्याच क्लासच्या नोट्समध्ये नाही. लक्ष्मीकांतच्या पुस्तकातही नाही.

मुद्दा पोरांनी मात्र नीट पाठ केला. २०२४ ची पूर्व २८ एप्रिलला होती. जाहिरात आधीच्या डिसेंबरात निघालेली, फेब्रुवारीत मराठा आरक्षणाचा नवा कायदा आला, जागांची मांडणी बदलली; पूर्व सरकत सरकत २५ ऑगस्टवर आली. बरं, त्याच दिवशी आयबीपीएसची बँक लिपिकाची परीक्षा. म्हणजे ज्याने शहाण्यासारखा 'प्लॅन बी' म्हणून बँकेचा फॉर्म भरला, त्याने त्या रविवारी ए निवडायचा की बी, हेही ठरवायचं. शिवाय कृषी विभागाच्या २५८ जागा या परीक्षेत घ्या, ही मागणी होतीच. पुन्हा नवी पेठ, पुन्हा रात्रभर घोषणा, आणि परीक्षेला तीन दिवस उरले असताना ती पुढे गेली. नवी तारीख १ डिसेंबर. एप्रिलच्या परीक्षेसाठी जानेवारीत जो तक्ता भिंतीवर चढला, त्याच्या खालचा पंखा बंद करून स्वेटर घालायची वेळ आली.

त्याच वर्षी लोकसभा निवडणुकीमुळे यूपीएससीनेही आपली पूर्व हलवली होती. २६ मेची १६ जूनला. पण सांगितलं मार्चमध्ये, एकदाच, आणि १६ जूनला परीक्षा झाली. दोन्ही आयोग घटनेच्या एकाच ३१५ व्या कलमातून जन्मलेले. भावंडांत एक हुशार निघतो, असं म्हणून घरचे लोक गप्प बसतात; आपणही बसू.

२०२५ ला कारण खरंखुरं होतं. मराठवाड्यात पुराने शेतं आणि रस्ते दोन्ही वाहून गेले होते, २८ सप्टेंबरला परीक्षा घेणं निव्वळ क्रूरपणा ठरला असता. पूर्व ९ नोव्हेंबरला नेली, योग्यच केलं. फक्त त्या तारखेवर गट-ब ची संयुक्त पूर्व आधीच रुमाल टाकून बसली होती. एसटीत होतं तेच झालं: मोठ्या माणसाला जागा द्यायला लहानाला उठवलं. गट-ब पुढे गेली आणि कम्बाईनवाल्यांचे तक्ते भिंतीवरून उतरले.

आयोगाला एक गोष्ट मात्र तंतोतंत जमली. नव्या वर्णनात्मक पद्धतीत मुख्य परीक्षेचे गुण १७५०, मुलाखतीचे २७५, बेरीज २०२५. आणि लागू कधीपासून? २०२५ पासून. मूळ बेत २०२३ चा होता. दोन वर्षांची मुदत पोरांनी आंदोलन करून मिळवली, आणि त्या दोन वर्षांत किती जणांनी उत्तरं लिहायचा सराव केला, हे विचारणारा माणूस त्या पेठेत परत चहा पिऊ शकणार नाही. परीक्षा पुढे गेल्याची बातमी आल्यावर अभ्यासिकेत आधी संताप होतो, मग हळूच सुस्कारा पडतो, आणि रात्री मेस बुडवून बिर्याणी खाल्ली जाते. एक महिना मिळाला! हा मिळालेला महिना पहिल्या वाचनालाच जातो.

अर्थात तो फुकट मिळत नाही. परीक्षा पुढे गेली की खोलीचं भाडं वाढतं, मेसचं बिल वाढतं, अभ्यासिकेची फी वाढते. हिंगोली-धाराशिवकडचा बाप 'आता कधी आहे रे पेपर?' एवढंच विचारतो आणि उत्तर काहीही आलं तरी पैसे पाठवतो. त्याच्या सोयाबीनचं पीक साधारण शंभर दिवसांत निघतं, म्हणून त्याला वाटतं की शिकल्यासवरल्या लोकांची कामं त्याहून लवकर उरकत असतील.

या मधल्या काळात भरभराट होते ती नियोजन विकणाऱ्यांची. यूट्यूबवर सर येतात, फळ्यावर चौकोन आखतात, 'उरलेल्या नव्वद दिवसांची रणनीती' सांगतात. परीक्षा पुढे गेली की तोच फळा, तेच सर, दीडशे दिवसांची रणनीती. रद्द झाली तर 'खचू नका' नावाचं सेशन. नियोजन करा, शिस्त पाळा, वेळेची किंमत ओळखा, असं सगळे त्या एकट्या पोराला सांगतात, ज्याच्या हातात त्या सगळ्या साखळीतली एकही तारीख नाही. कालनिर्णय १९७३ पासून घराघरात पुढच्या डिसेंबरातल्या संकष्टीचा चंद्रोदय मिनिटासकट सांगतंय. मंत्रालयाच्या भिंतींवरही ते टांगलेलं असतं.

पोराचं वय तेवढं अंदाजित नसतं. खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३; ते मोजायला कधी शुद्धिपत्रक लागत नाही. वयात सवलत हवी असेल तर पुन्हा निवेदन, पुन्हा शास्त्री रस्ता.

तेव्हा एक नम्र सूचना. परीक्षेला महिनाही उरला नसताना तारीख हलवली, तर त्या महिन्याचं मेस, खोली आणि अभ्यासिकेचं बिल आयोगाच्या नावे फाडावं, पावतीसह. वित्त विभाग लगेच हरकत घेईल. ती मात्र वेळेवर घेईल.