आखूडनळी, बहुछर्री

नाना कुठलीही वस्तू दोन्ही टोकांना धरून उचलतात. मग मान तिरकी करून एका टोकाकडे बघतात आणि म्हणतात, "जरा लांब वाटत्ये, नाही?" हा प्रश्न नसतो, निकाल असतो. आजवर त्यांच्या घरातली छत्रीची दांडी, झोपाळ्याच्या कड्या, काकूंचं लाटणं आणि माळ्याची शिडी या निकालाने आखूड झाली आहेत. शिडीच्या दोन पायऱ्या गेल्यापासून माळ्यावर चढायचं झालं की आधी स्टूल शोधावं लागतं. स्टूलही तीन बोटं कमी आहे.

पण हा झाला हाताचा चाळा. नानांचा खरा प्रांत म्हणजे छऱ्याच्या जुन्या बंदुकांच्या नळ्या.

अशी माणसं पेणपासून रोह्यापर्यंत गावोगाव सापडतात. कारखान्यातून नाहीतर कचेरीतून निवृत्त झालेली, मागच्या पडवीत व्हाइस ठोकलेला, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी कॅलिपर. अंगाला मशीन ऑइल आणि खोबरेल तेल यांचा मिश्र वास येतो आणि त्यावरून ती गर्दीतही एकमेकांना ओळखतात. एखाद्याच्या तेराव्याला गेली तरी सांत्वनाच्या तिसऱ्या वाक्याला विचारतात, "आबांची ती बंदूक होती ना, ती कुठे असते हल्ली?"

बंदुका येतात त्या माळ्यांवरून. आंब्यावर, फणसावर वानरं येत म्हणून आमच्याकडे घरोघरी आजोबांनी एकेक छऱ्याची बंदूक घेऊन ठेवलेली असे. वानरं तिला कधी घाबरली नाहीत, नातवंडं मात्र घाबरत. यातल्या बऱ्याच आयएचपी, म्हणजे इंडियन ह्यूम पाइपच्या. वालचंद हिराचंदांची ही कंपनी १९२६ सालची, खरा धंदा सिमेंटच्या पाइपांचा. नळीतून पाणी जातं तर हवा का जाऊ नये, असा विचार तिथे कुणी केला असेल तर तो नक्की नानांचा पूर्वज. एखाद्या सुखवस्तू घरात बर्मिंगहॅमची बीएसए निघते. त्याहून नशीब असेल तर जर्मनीतल्या राश्टाट गावची डायना. तिच्या छापात ती शिकारीची देवी धनुष्यबाण पायाशी टाकून एअरगन डोक्यावर उंच धरून उभी आहे. नाना हा छाप भिंगातून दाखवतात आणि म्हणतात, "बघ, हिलासुद्धा पेलवत नाहीये. लांब आहे."

यंत्र तसं साधं. नळी बिजागरीवर मोडायची, म्हणजे खाली वाकवायची, की पोटातली स्प्रिंग मागे दबून अडकते. छर्रा घालायचा, नळी सरळ करायची. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, पिस्टन पुढे धावतो, हवा दाबली जाते आणि छर्रा निघतो. दारू नाही, धूर नाही. 'नळी फुंकली सोनारे' या म्हणीचं इतकं चोख यंत्र दुसरं नसेल. तेव्हा नळी दोन कामं करते. एक, छऱ्याला वाट दाखवायची. दोन, स्प्रिंग दाबताना तरफेचा दांडा व्हायचं. नानांना पहिलं काम ठाऊक आहे. दुसरं त्यांना दर वेळी नळी कापून झाल्यावर आठवतं.

पहिल्या कामापुरतं त्यांचं म्हणणं बरोबर आहे, हे कबूल करायला हवं. स्प्रिंगच्या बंदुकीत छऱ्याला जो काही वेग मिळायचा तो बहुतेक पहिल्या सहा-आठ इंचांत मिळून जातो. पुढची नळी तो फक्त घासत पार करतो. म्हणजे नळी थोडी कापली तर वेगाचं फारसं नुकसान नाही. मात्र फायदाही काही नाही, हे वाक्य नाना ऐकू येत नसल्यासारखं करतात. वर दाखला देतात तो थेट साहेबाचा. "अरे, ली-एनफील्ड! तीस इंची नळी होती. १९०४ साली साहेबाने पंचवीसची केली. 'शॉर्ट' असं नावातच घातलं. आणि महायुद्ध जिंकला!" साहेबाने ती घोडेस्वार आणि पायदळ यांना एकच बंदूक चालावी म्हणून आखूड केली होती. आमच्या आळीत घोडा नाही. पायदळ म्हणाल तर नाना एकटेच.

माझ्या डोळ्यांदेखत जे घडलं ते सांगतो. गेल्या मे महिन्यात नानांच्या हाती एक आयएचपी लागली. तक्रार एवढीच की छर्रा टप्प्यावर पोचायच्या आत थकतो. पूर्वी छऱ्याच्या बंदुकीला परवाना लागतो की नाही हे एक इंच जाडीच्या देवदारी फळीवर ठरे. पाच फुटांवरून छर्रा आरपार गेला नाही, तर बंदूक निरुपद्रवी. २०१६ च्या नियमांनी फळी गेली आणि ४.५ मिलिमीटर व्यास अन् २० ज्यूल अशी हद्द आली, पण नानांनी आपली फळी अजून जपून ठेवली आहे. या बंदुकीचा छर्रा फळीवर आपटून परत आला आणि काकूंच्या परातीत पडला. कणकेतून तो काढून देत काकू म्हणाल्या, "अगदीच निरुपद्रवी आहे हो!"

नानांनी बंदूक दोन्ही टोकांना धरली. मान तिरकी झाली.

कापायला पेणात लेथ नाहीत असं नाही, पण इथल्या प्रत्येक लेथवाल्याने नानांना एकदा तरी काम करून दिलेलं आहे, त्यामुळे रोहा गाठावं लागतं. धाटावच्या एमआयडीसीमुळे रोह्याला टर्नर-फिटरांची वाण नाही. नळी सुटी करून छत्रीच्या खोळीत घातली, पेणच्या पापडांचं पुडकं बरोबर घेतलं (लेथवाल्याला लाच) आणि आम्ही मेमूत बसलो. कासूला एक भजनी बुवा चढले. खोळीकडे बघत म्हणाले, "बासरी का? कुठल्या पट्टीची?"

"साडेचार इंच कापल्यावर कळेल," नाना म्हणाले.

"कापल्यावर स्वर चढतो हो," बुवांनी सांगून ठेवलं. नागोठणं आलं, निडी आलं, तरी नाना त्यावर विचार करत होते.

रोह्याच्या लेथवाल्याने नळी हातात घेतली, उजेडाकडे धरून आतून पाहिली आणि विचारलं, "नाना, नळीत काय वाईट हाय?"

"लांब आहे."

"मी कापीन. पण नख नाय ही, परत वाढायला."

नानांनी पापडांचं पुडकं पुढे सरकवलं.

कापणं सोपं, पुढचं अवघड. नळीचं तोंड काटकोनात हवं, त्याला केसभरही कूस राहता कामा नये. निघताना छऱ्याच्या एका बाजूने हवा आधी सुटली की तो तिकडे कलंडलाच. म्हणून नानांनी घरी येऊन चार दिवस त्या तोंडाची सेवा केली. आधी गुण्या लावून बघायचं, मग बारीक कानस, मग गोल डोक्याचा पितळी स्क्रू, त्याला गॅरेजातली व्हॉल्व्ह घासायची पेस्ट, आणि ड्रिलमध्ये धरून हळूहळू फिरवायचं. ड्रिल सरळ धरायचं नाही, मनगटातून घोळवत राहायचं. काम बघण्यासारखं होतं. उगाच थट्टा करत नाही, त्या चार दिवसांत नाना कुणावर ओरडले नाहीत, जेवायला पहिल्या हाकेला आले, आणि पाचव्या दिवशी नळीच्या तोंडाशी अशी चकचकीत कडी उमटली होती की सोनाराने मान डोलवावी. काही नळ्या शेवटच्या बोटभर जागेत मुद्दाम किंचित आवळलेल्या असतात, छर्रा बाहेर पडताना सावरावा म्हणून, आणि आपण नेमकं तेच बोट रोह्याला टाकून आलो असू, असं मी म्हणून पाहिलं. नानांनी ड्रिल चालू केलं.

मग लक्षात आलं की माशीही रोह्यालाच राहिली. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो छोटा खुंट, जो खाचेतून बघत नेम धरायचा. कुठेतरी माशी शिंकते हे ऐकून होतो. इथे ती कापून टाकली होती. नवी माशी नानांनी पितळी स्क्रूपासून घडवली, पण तिच्यावर पांढरा ठिपका हवा, आणि तो साधासुधा चालायचा नाही. आमच्या पेणात गणपतीच्या कारखान्यांतून डोळ्यांची आखणी करणारे कारागीर आहेत. हजारो मूर्तींत नजर भरणारा हात म्हणजे गावातला सर्वांत मानाचा हात. नाना माशी घेऊन अशाच एका कारखान्यात गेले. मे महिना, कामाची गर्दी. कारागिराने माशी पाहिली, ब्रश खाली ठेवला आणि म्हणाला, "नाना, हिला बाप्पाच्या आधी डोळा देऊ?" नाना परत आले आणि काकूंच्या नेलपॉलिशने भागवलं. लाल.

यथावकाश बंदूक जुळली आणि दुसरं काम आठवायची वेळ आली. नळीचा चौथा हिस्सा गेला होता. तरफेचा हिशेब असा की दांडा पाऊण झाला की जोर सव्वापट लागत नाही, एक आणि एक तृतीयांश लागतो. नानांनी बंदूक मांडीवर घेऊन नळी वाकवायला सुरुवात केली. बंदूक वाकली नाही, नाना वाकले. शेवटी शेजारचा व्यायामशाळेत जाणारा मुलगा बोलावला. त्याने करून दिलं, पण प्रत्येक छऱ्याला त्याला क्लासमधून उठवून आणणं बरं दिसेना. तेव्हा नानांनी प्लंबरकडून एक फूट जीआय पाइप आणला. मोडायच्या वेळी तो नळीवर चढवायचा, जोर लावायचा, काढून ठेवायचा. पाइप चार इंच आत बसतो. मूळ नळी १८ इंच, कापून राहिली साडेतेरा, पाइपासकट भरली साडेएकवीस. हे गणित मी कागदावर मांडून दाखवलं. नाना म्हणाले, "पण पाइप काढता येतो ना!"

आणि एवढं करून छर्रा फळीवरून परतच येत होता.

रोग कुठे होता ते शेवटी स्टेशनरोडच्या चांभाराने सांगितलं, तेही नाना चपलेचा अंगठा शिवायला गेले असताना. पिस्टनच्या तोंडावर चामड्याचं वायसर असतं. ते वर्षानुवर्षं माळ्यावर सुकून पापड झालं होतं, हवा त्याच्या कडेने निसटत होती. चांभाराने जुन्या वहाणेच्या तळातून नवं कापलं, रात्रभर तेलात भिजवायला सांगितलं, आणि अंगठ्याच्याच पैशात करून दिलं. नानांनी ते दोन रात्री भिजवलं, वर सिलिंडरमध्ये चार थेंब आपल्या मनाने टाकले. पहिल्याच चापाला तेल आत पेटलं आणि असा बार झाला की समोरच्या कौलांवरची कबुतरं गेली ती संध्याकाळीच आली. नळीतून निळा धूर निघाला. बुवा म्हणाले तसा स्वर चढला होता. फळीत छर्रा निम्मा रुतला.

"बघितलंस?" नाना म्हणाले. "कापल्याचा गुण."

यावर कुणी काय बोलणार! बंदूकवाल्यांच्या जमातीत सगळ्यांना आखूडशिंगी बहुदुधी गाय हवी असते, आणि दूध वाढलं तर श्रेय नेहमी शिंगं कापणाऱ्याला जातं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही रोह्याला धावीर महाराजांच्या पालखीला गेलो. पोलिसांची तुकडी ग्रामदैवताला सशस्त्र मानवंदना देते, तो रोह्याचा मोठा मान. गर्दीने हात जोडले होते. नानांनीही जोडले, पण डोळे मिटले नाहीत. रायफली एका रेषेत उभ्या होत्या आणि नानांची मान हळूहळू तिरकी होत होती. काकूंनी कोपर मारलं म्हणून बरं.

एक मात्र नानांच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. नानांनी या बंदुकांनी कधी जीव मारला नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा त्यांना पाठ आहे, आणि शेवटी आमचा तालुका विनोबांचा, गागोद्याचा. नाना डबड्यांवर, आगपेट्यांवर, आणि मनात आलं तर अंजली भागवत मारायच्या तशा कागदी टार्गेटवर दहा मीटरवरून नेम धरतात. त्यावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. नाना तो चष्मा पुसून शोधतात, सापडला की खूश होतात, आणि मारतात तेव्हा भिंत लागते. नेमाचे मोठे पक्के. रोज सकाळी साडेसहाला चुकतात.

ती आयएचपी आता पडवीत खुंटीला आहे, शेजारी जीआय पाइप. परवा गेलो तेव्हा नाना पाइप दोन्ही टोकांना धरून बसले होते.

आमच्या आजोळच्या माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेली एक डायना आहे. मूळ नळीची, माशीसकट. हे छापून द्यायला मला भीती वाटत नाही, कारण नाना लेख वाचत नाहीत. त्यांना ते लांब वाटतात. तुम्ही मात्र कृपा करून पेणात बोलू नका.